पिवळी काय शोधते

आर्वी
६ जानेवारी २०२५

अश्वजित,

आज सकाळी पाचला उठले. दोन्ही पिल्लांना फिरवून आणलं. नऊ वाजता त्यांना गुरांच्या दवाखान्यात नेऊन राहिलेलं इंजेक्शन दिलं. लालचं वजन एकोणीस किलो भरलं, पिवळीचं सोळा. परत येऊन त्यांना भात आणि अंडी घातली. दुपारी धुणं केलं. आता चार वाजले आहेत.

हे जाऊन आज पंचेचाळीस दिवस झाले. तू तेरवीला आला होतास तेव्हा घरात माणसं होती आणि आपलं बोलणं झालं नाही. फोनवर मला बोलता येत नाही. मी मध्येच थांबते, मग समोरचा 'हॅलो, हॅलो' करतो. म्हणून पत्र लिहिते आहे.

यांनी तुला शब्द दिला होता. जंगलखात्यातली तुझी बिजली म्हातारी झाली, तिच्या जागी एक कुत्रं तयार करून देतो म्हणाले होते. त्यासाठी एकाच वेतातली ही दोन बेल्जियन पिल्लं आणली. दोन्ही सारखी वाढवायची, सहा महिन्यांची झाली की पारखायची आणि कामाचं असेल ते तुला द्यायचं, असं ठरलं होतं. नावं अजून ठेवलेली नाहीत. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्यानेच नाव ठेवायचं, असा यांचा नियम होता. गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून नराला लाल म्हणतो आणि मादीला पिवळी. ते गेले तेव्हा पिल्लं साडेचार महिन्यांची होती. आता सहा महिन्यांची झाली आहेत. पारखणारं माणूस नाही.

मला जे दिसतं ते लिहिते. लाल धीट आहे. फाटकावर कोणी आलं की भिंतीवर चढून भुंकतो. दोरी तोंडात धरली की सोडत नाही. शेजारच्या तानाबाईंचं लुगडं त्याने दोनदा धरलं. त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हा माह्याच लुगड्याच्या मांगं काऊन लागून राह्यला? याले सांगून ठेवा, मी चोर नाई."

पिवळी शांत आहे. भुंकत नाही. हे गेल्यापासून ती खचली आहे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिने पलंगामागून यांचा रुमाल काढून आणला. मग पत्र्याच्या पेटीखालून मोजा. एकदा बंद कपाटापुढे जाऊन बसली, फटीला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी कपाट उघडलं. आत यांचा मफलर होता. मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी बराच वेळ तिथेच बसलो होतो.

ती अजून यांना शोधते. तिला कोण समजावणार?

तू लालला घेऊन जा. पिवळी माझ्याजवळ राहू दे.

सुमतीकाकू

*

कॅम्प
१७ जानेवारी २०२५

काकू, जय भीम.

तुमचं पत्र काल रेशनच्या गाडीबरोबर मिळालं. इथून गाडी दर गुरुवारी खाली गावात जाते, तीच टपाल नेते आणि आणते. फोनसाठी टेकडी चढावी लागते. तुम्ही पत्र लिहिलं ते बरं केलं.

बिजली नऊ वर्षांची झाली. मागच्या महिन्यात नाल्यात उतरली आणि तिला वर येता येईना. मी खांद्यावर घेऊन आणली. शिकाऱ्यांनी लावलेल्या तारा आणि फासे तिने आजवर किती काढून दिले त्याचा हिशोब नाही. आता तिला आराम द्यायचा आहे. नवं प्रशिक्षण १० मार्चला सुरू होतं. मला तेव्हा एक कुत्रं घेऊन हजर व्हायचं आहे. ते नापास झालं तर वर्ष गेलं, आणि साहेब मला तपासणी नाक्यावर बसवतील. सरांच्या शब्दावर त्यांनी परवानगी दिली आहे, म्हणून जास्त काळजी.

लाल धीट आहे असं तुम्ही लिहिलं. असेलही. पण मी सरांकडे कुत्री शिकवायचं काम शिकायला नवा आलो होतो तेव्हा अशाच एका भुंकणाऱ्या पिल्लावर बोट ठेवलं होतं. सर म्हणाले, "त्याचं भुंकणं काय मोजून राह्यला? दचकल्यावर किती वेळात सावरते ते मोज." काकू, तुम्ही शाळेत गणित शिकवलं म्हणून एक काम सांगतो. मत लिहू नका, आकडे लिहा. एक एक पिल्लू वेगळं घ्या. त्याच्या मागे कोणाला तरी परात फरशीवर टाकायला सांगा. दचकणारच. परत परातीजवळ यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. दुसऱ्या दिवशी चेंडू गवतात नाहीतर काड्यांच्या ढिगात टाका, त्याला दिसणार नाही असा, आणि ते किती वेळ शोधतं ते बघा. मग कोणी अनोळखी माणूस दारात आला की पिल्लू पुढे जातं की मागे, एवढं लिहा.

आणि एक विचारतो. पिवळी सरांची वस्तू आणते तेव्हा तिची शेपटी कशी असते?

बिजली पायाशी झोपली आहे. तुमचं पत्र हुंगून पाहिलं तिने.

तुमचा
अश्वजित

*

आर्वी
३१ जानेवारी २०२५

अश्वजित,

तू सांगितलंस तसं केलं.

परात टाकायला तानाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "चांगल्या परातीले पोचे कायले पाडता? लग्नातली असंन."

मी म्हटलं, "लग्नातलीच आहे. टाका."

लाल न्हाणीघरात पळाला आणि तिथूनच भुंकत राहिला. एकतीस मिनिटांनी बाहेर आला. परातीजवळ आलाच नाही. आजही ती भिंतीला टेकवलेली दिसली की लांबून वळसा घालून जातो. तानाबाई म्हणाल्या, "अवं माय, हा तं तोंडपाटीलच निंघाला!"

पिवळी हातभर उडाली. मी चार मोजेपर्यंत परत आली होती. परात हुंगली आणि पुढचे दोन पाय आत ठेवून उभी राहिली.

चेंडू तानाबाईंच्या अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग आहे त्यात टाकला. लालने तीन मिनिटं शोधला, मग त्यांची चप्पल घेऊन पळाला. पिवळी सव्वीस मिनिटं शोधत होती. काड्या लागून नाकातून रक्त आलं. मी हाका मारल्या, पण आली नाही. चेंडू घेऊनच आली.

अनोळखी माणूस म्हणून नवा पोस्टमन मिळाला. लाल त्याच्यावर भुंकला, पण भुंकताना मागे मागे सरकत होता. पाठीवरचे केस उभे होते. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पिवळीने पोस्टमनची पिशवी हुंगली आणि बाजूला जाऊन बसली.

आकडे कोणाच्या बाजूचे आहेत ते मला दिसतं. पण अश्वजित, आकड्यात सगळं येत नाही. तिचं मन लागत नाही. रोज यांचं काही ना काही काढून आणते. चष्म्याचं घर आणलं, जुनी टोपी आणली. परवा गच्चीवरच्या टाकीमागून बनियन आणलं. दुःखात असलेल्या जिवाला इतक्या लवकर कामाला लावू नये असं मला वाटतं. मला शाळेत परत बोलावलं असतं तर मीही गेले नसते.

शेपटीचं विचारलंस. तिकडे माझं लक्ष नव्हतं.

मुलगी पुण्याला ये म्हणते. कुत्री कोणाला तरी देऊन टाक म्हणते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

सुमतीकाकू

*

कॅम्प
१० फेब्रुवारी २०२५

काकू, जय भीम.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जे लिहितो ते रागावू नका.

पिवळी सरांना शोधत नाही. ती शोधते, एवढंच. सरांचं असो की कोणाचं, तिला फरक पडत नाही.

वास घेऊन वस्तू काढायची, बंद कपाट असेल तर खरडायचं नाही, भुंकायचं नाही, तिथं बसायचं आणि माणसाकडे पाहायचं. हे आम्ही इथं कुत्र्यांना सहा-सहा महिने शिकवतो. काहींना ते वर्षातही येत नाही. तिला ते येतं. थोडं अंगातच आहे, आणि थोडं तुम्ही शिकवलं.

तुम्ही कसं, ते सांगतो. कुत्र्याने वस्तू काढली की आम्ही लगेच त्याला बक्षीस देतो. कोणाला चेंडू, कोणाला खाऊ. काहींना फक्त हँडलरने जवळ घेतलेलं पुरतं. तिने पहिला रुमाल आणला, तेव्हा तुम्ही तिला जवळ घेतलं असेल. रडलाही असाल. तिला रडणं कळत नाही, काकू. तिला एवढंच कळलं की ही वस्तू आणली की ही बाई खाली बसते आणि मला पोटाशी धरते. मग ती दुसरी वस्तू शोधायला गेली. तुम्हाला वाटलं ती तुमच्यासारखीच दुःखात आहे. ती कामावर होती. आणि खुश होती.

तुमचा विश्वास बसत नसेल तर एकदा तानाबाईंची एखादी वस्तू लपवून पाहा. मग शेपटीकडे लक्ष द्या.

टाकीमागे बनियन कसं गेलं ते मी विचारत नाही.

मी ८ मार्चला, शनिवारी, जीप घेऊन येईन. मला पिवळी द्या, असं मागतो.

तुमचा
अश्वजित

*

कॅम्प
२७ फेब्रुवारी २०२५

काकू,

मागच्या गुरुवारी तुमचं पत्र नव्हतं, आजही नव्हतं. गाडी परत जायला उभी आहे म्हणून घाईत लिहितो.

मी जास्तच लिहिलं असेल. माणसाशी बोलायची सवय राहिली नाही, दिवसभर कुत्र्यांशीच बोलतो.

तुम्हाला पिवळी ठेवायची असेल तर ठेवा. मी लालला नेतो आणि साहेबांना सांगतो की हाच निवडला. पण तुम्हाला खोटं सांगणार नाही. दोन वर्षांमागे आमच्याकडे असाच एक आला होता. फटाक्यांच्या चाचणीत तो जागेवरच लघवी करून बसला. त्याचा हँडलर त्याला रोज ओढून नेत होता. शेवटी कुत्र्याने हँडलरच्याच हाताला चावा घेतला. चूक कुत्र्याची नव्हती. लालचंही तसंच होईल, आणि त्याला घरात जशी माणसं लागतात तशी इथं मिळणार नाहीत.

अजून एक राहिलं आहे. तेरवीला मी तेच सांगायला आलतो, पण तुमच्याकडे पाहून तोंड उघडलं नाही. १९ नोव्हेंबरला, म्हणजे जायच्या तीन दिवस आधी, सरांचा फोन आलता. म्हणाले, "अश्वजित, मले तं पिवळीच वाटते. आणखी दीड महिना पाहतो, मंग पक्कं सांगतो. पण तुह्या काकूले आत्ताच काही बोलू नको. तिचा जीव लागला हाय पोट्टीवर. मीच सांगीन तिले हळूच."

म्हणजे कोणतं घ्यायचं ते मला पहिल्यापासून अर्धं माहीत होतं. तरी तुम्हाला परात टाकायला लावली, कारण मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की मी हिसकावून घेतो. तुम्ही स्वतः पाहावं असं वाटलं. यात तुम्हाला फसवलं असं वाटत असेल, तर ते बरोबर आहे.

गाडीवाला हॉर्न वाजवून राह्यला.

अश्वजित

*

आर्वी
३ मार्च २०२५

अश्वजित,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. हे स्पीड पोस्टाने पाठवते, म्हणजे गुरुवारच्या गाडीला सापडेल.

आधीचं पत्र आलं तेव्हा मी ते घडी करून डब्याखाली ठेवलं आणि नऊ दिवस पिवळीशी बोलले नाही. तिचं खाणं-पिणं केलं, फिरवून आणलं, पण बोलले नाही. जवळ घेतलं नाही. ती रोज काहीतरी शोधून आणायची आणि माझ्या पायाजवळ ठेवायची. मी पाहायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने तानाबाईंची तंबाखूची चंची आणून ठेवली. त्या गहू निवडायला आल्या होत्या आणि मागच्या पडवीत पोत्याखाली विसरून गेल्या होत्या. मी ती लपवली नव्हती. तू सांगितलेला प्रयोग पिवळीने आपणच केला.

तानाबाई म्हणाल्या, "घ्या! हिले तं पोलिसात भरती करा. दोन दिसापासून मी घरभर उलथापालथ करून राह्यली, सुनेवर आळ घेतला."

मी शेपटीकडे पाहिलं. चंची ठेवताना ती जशी हलत होती तशीच रुमालाच्या दिवशीही हलत होती. मला ते तेव्हाच दिसलं होतं. लक्ष नव्हतं असं मी तुला लिहिलं, ते खरं नव्हतं.

दुसरंही सांगते. रुमाल, मोजा आणि मफलर तिने आपणहून काढला. त्यानंतरचं सगळं मी लपवलं. चष्म्याचं घर मी उतरंडीमागे ठेवलं. टोपी जात्याखाली. बनियन घेऊन गुडघे दुखत असताना गच्चीचा जिना चढले. वस्तू ठेवायची, तिला आत सोडायचं आणि खुर्चीवर बसून राहायचं. ती घरभर फिरायची, एकेक कोपरा हुंगायची. तेवढा वेळ घरात यांना कोणीतरी शोधत आहे असं मला वाटायचं. मी शोधू शकत नव्हते. मला माहीत होतं की ते कुठेच नाहीत. ग्राउंडवरून आले, ओट्यावर बसले आणि उठले नाहीत, हे माझ्यासमोर झालं. तिला ते माहीत नाही असं मी धरून चालले होते.

बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले की उत्तर आधी ठरवून गणित मांडू नका.

यांचा फोन आला होता हे तू आधी सांगायला हवं होतंस. मी रागावले नाही. पण हे 'हळूच' सांगणार होते म्हणतोस, ते कसं सांगणार होते ते मला कधीच कळणार नाही. बहुतेक चहाच्या वेळी, दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं असतं. मी मग दिवसभर बोलले नसते. संध्याकाळी कबूल झाले असते.

शनिवारी ये. पिवळीला घेऊन जा. ती सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला खाते. ताक दिलेलं चालतं, दुधाने पोट बिघडतं. पायऱ्या उतरताना घाई करते. शोधायला लावलंस आणि सापडण्यासारखं काहीच ठेवलं नसेल तर ती थांबत नाही, हे लक्षात ठेव. नाक सोलून घेते.

लाल इथेच राहील. त्याच्याबद्दल मी धीट असं लिहिलं होतं. तो घाबरतो. घाबरला की भुंकतो. आता मी त्याला ओरडत नाही.

जेवायला थांब.

सुमतीकाकू

*

आर्वी
१२ मार्च २०२५

अश्वजित,

आज सकाळी फक्त लालला फिरवून आणलं. दोन साखळ्या उचलल्या होत्या, एक परत खिळ्याला लावली. नऊ वाजता बँकेत जाऊन सही केली. येताना भाजी आणली. दुपारी तानाबाई येऊन बसल्या. जाताना म्हणाल्या, "पोट्टी गेली तं घर कसं रिकामं लागून राह्यलं. पण मास्तरीणबाई, तिले तिकडं काम हाय. इथं काय, माही चंचीच शोधत बसली असती."

शनिवारी तू जीपचं मागचं दार उघडलंस आणि ती उडी मारून आत गेली. आधी सीट हुंगली, मग तुझा खिसा हुंगला आणि तुझ्याकडे पाहत बसली. मी फाटकाजवळ उभी होते. ती वळून पाहील असं वाटलं होतं. नाही पाहिलं. जीप वळणापलीकडे जाईपर्यंत मी उभी राहिले, मग आत आले. तुला माझ्याबद्दल वाईट वाटलं असावं, कारण तू जाताना नुसतं मान हलवून गेलास. वाईट वाटून घेऊ नको. नव्या माणसाबरोबर वळून न पाहता जाता यावं म्हणून तर हे पिल्लांना लहानपणापासून वेगवेगळ्या लोकांच्या हातात द्यायचे. ते तिला आलं.

सोमवारी तुमचं सुरू झालं असेल. पहिल्या आठवड्यात तिचं कसं आहे ते कळव. मत लिहिलंस तरी चालेल.

काल यांचे सगळे कपडे काढून धुतले. उशीत, गादीखाली, कुठे कुठे ठेवले होते ते मलाच आठवत नव्हतं. एक शर्ट सापडला नाही. तिला विचारता आलं असतं. दोरीवर दोन खेपा वाळत घातल्या. लाल दोरीखाली उभा राहिला. एक बाही वाऱ्याने त्याच्या तोंडाला लागली तशी तो मागे सरला, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन तिथेच उभा राहिला. घड्याळात पाहिलं नाही. पण एकतीस मिनिटं नक्की लागली नाहीत.

उद्या होळी आहे. चौकात डफडी वाजतील. न्हाणीघरात चटई घालून ठेवली आहे. मीही त्याच्याबरोबर तिथे बसेन. शिकवायला म्हणून नाही.

पुण्याला इतक्यात येत नाही असं मुलीला कळवलं.

पत्र आजच्या टपालात पडायला हवं. पाकीट आहे, पण डिंक वाळून गेला आहे. कुकरमध्ये सकाळचा भात आहे, त्यातली चार शितं घेऊन पाकीट चिकटवते.

सुमतीकाकू